फेटचं सर्किट किट: स्क्रीन ‘नाही’ म्हणते तेव्हा

आधी निकाल, मग कारणं. वर्गात इंटरनेट वापरून काही करायचं आहे आणि सुरुवात कुठून करावी हे सुचत नाहीये, तर फेट या संकेतस्थळावरचं ‘सर्किट कन्स्ट्रक्शन किट: डीसी’ हे सिम्युलेशन, म्हणजे विजेच्या जोडणीची पडद्यावरची नक्कल, उघडा. मात्र त्याच्याबरोबर मिळणाऱ्या वर्कशीट जशाच्या तशा छापू नका. साधनाला माझे पाचपैकी साडेचार गुण. त्याच्याभोवती लोकांनी रचलेल्या बहुतेक उपक्रमांना अडीच, तेही हात सैल सोडून.

मी तेरा ते सोळा वयाच्या मुलांना विज्ञान शिकवते. ‘डिजिटल उपक्रम घ्या’ असा निरोप वरून आला की बहुतेक ठिकाणी काय होतं ते शिक्षकांना सांगायला नको. व्हिडिओ दाखवायचा आणि पाच मुद्दे लिहून घ्यायचे. नाहीतर ‘अमुक विषयावर माहिती शोधा आणि सादरीकरण करा’. मुलं शोधतात, चिकटवतात, रंगीत अक्षरं घालतात, आणि वर्गासमोर उभं राहून स्वतःलाच न कळलेली वाक्यं वाचतात. यात स्क्रीन मुलाला एकदाही ‘नाही’ म्हणत नाही. मूल जे लिहील ते चालून जातं, आणि चूक की बरोबर हे शेवटी लाल पेन घेऊन मीच ठरवायचं. मग इंटरनेट म्हणजे फक्त एक जाडजूड पुस्तक उरतं.

म्हणून कुठलंही साधन पाहताना माझी कसोटी एकच. मुलाने आधी अंदाज बांधला, तर तो खोडून काढायची ताकद समोरच्या गोष्टीत आहे का? मी नाही, उत्तरसूचीनेही नाही, त्या गोष्टीने स्वतः. या कसोटीवर सर्किट किट फार वरच्या नंबरावर येतं.

थोडी ओळख. फेट हा अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या शाखेचा प्रकल्प. 2001 चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना विभागून मिळालं, त्यांतले कार्ल वीमन यांनी तो 2002 मध्ये सुरू केला. सुरुवात भौतिकशास्त्रापासून झाली. आता रसायन, गणित, जीवशास्त्र, भूविज्ञान धरून शंभराहून अधिक सिम्युलेशन्स तिथे आहेत. सगळी मोफत. मुलांना खातं उघडावं लागत नाही, नाव-ईमेल द्यावा लागत नाही. शाळकरी मुलांच्या बाबतीत मला ही गोष्ट मोफत असण्याइतकीच मोलाची वाटते.

आता किटकडे. रिकामा पट समोर येतो. डावीकडच्या खोक्यातून वायर, बॅटरी, बल्ब, रोध, कळ ओढून आणायचे आणि टोकाला टोक जोडायचं. वर्तुळ पूर्ण झालं की बल्ब उजळतो आणि वायरीतले निळे इलेक्ट्रॉन सरकू लागतात. चित्र खऱ्या वस्तूंसारखं हवं की पुस्तकातल्या चिन्हांचं, ते एका बटणावर बदलतं. विद्युतधारा इलेक्ट्रॉनच्या रूपात पाहायची की सांकेतिक दिशेच्या (धन टोकाकडून ऋण टोकाकडे) बाणांनी, तेही आपण ठरवायचं. विद्युतदाब मोजणारा व्होल्टमीटर आहे, धारा मोजणारा अ‍ॅमीटर आहे. शिवाय एका पेटीत नाणं, खोडरबर, पेन्सिल, कागदी नोट, एवढंच काय कुत्रासुद्धा आहे. कुत्रा कशाला, असं मला दर वर्षी विचारलं जातं. मी सांगते, जोडून बघा.

पहिली काही मिनिटं मी काहीच सांगत नाही. फेटवाले स्वतःही हेच सुचवतात: आधी पाच-दहा मिनिटं मुलांना मोकळं खेळू द्या. माझ्या अनुभवात ही वेळ कापली की पुढचा सगळा तास ‘मॅडम, हे दाबू का?’ यात जातो. मोकळं सोडलं की पहिल्यांदा काय होतं? बॅटरी पेटते. बॅटरीची दोन टोकं नुसत्या वायरीने जोडली की पडद्यावर ज्वाळा येतात, आणि एका गटाने पेटवली की बाकीच्यांना पेटवल्याशिवाय चैन पडत नाही. शॉर्ट सर्किट हा शब्द मी उच्चारण्याआधीच वर्गाला त्याची कृती ठाऊक झालेली असते. खऱ्या प्रयोगशाळेत ही मुभा मी देऊ शकत नाही.

आता खरा उपक्रम. विजेबद्दल मुलांच्या डोक्यात एक पक्की समजूत असते: बॅटरीतून धारा निघते, बल्ब तिच्यातली थोडी ‘खातो’ आणि उरलेली परत येते. पाठ्यपुस्तकातली व्याख्या घोकूनही ही समजूत हलत नाही, कारण परीक्षेत तिला कुणी हात लावत नाही. मी वहीत दोन ओळी लिहून घेते: एक बल्ब, एक बॅटरी, बल्बच्या आधी आणि नंतर अ‍ॅमीटर लावला तर कुठे जास्त दिसेल, आणि का? ‘का’ लिहिल्याशिवाय माउसला हात लावायचा नाही. वर्गातली निम्म्याहून अधिक डोकी ‘आधी जास्त, नंतर कमी’ असंच लिहितात. मग जोडणी. किटमधली बॅटरी मुळात 9 व्होल्टची असते आणि बल्ब 10 ओहमचा, म्हणून आधीही 0.90 अँपिअर आणि नंतरही 0.90.

या क्षणाला मुलं माझ्याकडे पाहत नाहीत, अ‍ॅमीटर हलवून पाहतात. दुसऱ्या जागी ठेवतात, बल्ब उलटा करतात, दुसरा अ‍ॅमीटर आणतात. आकडा ढिम्म हलत नाही. मग कुणीतरी म्हणतं, ‘मग बल्ब उजळतो कशाने?’ हा प्रश्न मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. मुलांच्या तोंडून तो आला की पुढचा तास आपोआप उभा राहतो. ऊर्जा आणि धारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिथून सांगता येतं, आणि ऐकणाऱ्याला ते ऐकायचं असतं.

याहून माझा आवडता तीन बल्बचा डाव. एक बल्ब एकसर जोडणीत, म्हणजे सगळी धारा त्याच्यातून जाईल असा; त्याच्यापुढे दोन बल्ब एकमेकांना समांतर, म्हणजे धारेला दोन वाटा. तिन्ही सारखेच. पहिल्याला ‘अ’ म्हणू, समांतर जोडीला ‘ब’ आणि ‘क’. प्रश्न: ‘क’ काढून टाकला तर ‘अ’ आणि ‘ब’ यांचं काय होईल? अंदाज लिहा, कारण लिहा, शेजाऱ्याशी भांडा, मग जोडा.

बहुतेक अंदाज दोन प्रकारचे असतात. ‘एक बल्ब कमी झाला, म्हणजे उरलेल्या दोघांना जास्त मिळणार, दोन्ही उजळणार.’ किंवा ‘काहीच फरक नाही, बॅटरी तीच आहे.’ स्क्रीन दोघांनाही नाही म्हणते. ‘अ’ मंद होतो आणि ‘ब’ उजळतो. आकडे पाहा: आधी एकूण रोध 15 ओहम (‘अ’चे 10, समांतर जोडीचे मिळून 5), धारा 0.60 अँपिअर; ती ‘अ’मधून पूर्ण जाते, ‘ब’ आणि ‘क’ 0.30-0.30 वाटून घेतात. ‘क’ गेला की एकूण रोध 20 ओहम, धारा 0.45, आणि ती ‘अ’ आणि ‘ब’ दोघांतून सारखीच. रोध कमी व्हायला हवा होता, तो वाढला कसा, इथे हुशार मुलंसुद्धा अडखळतात, कारण ‘वस्तू काढली की रोध कमी होतो’ हे त्यांना न शिकवताच पटलेलं असतं. समांतर जोडणीतली वाट बंद झाली, म्हणून रोध वाढला. हे वाक्य मी उच्चारत नाही. गटातलं कुणीतरी ते कधी ना कधी उच्चारतंच, आणि त्याच्या शब्दांत ते माझ्यापेक्षा चांगलं वाटतं.

नंतरचं काम उलट दिशेने देते: ‘असं सर्किट बांधा, की त्यातला एक बल्ब काढला की दुसरा जास्त उजळेल.’ पायऱ्या नाहीत, तक्ता नाही. पुरावा म्हणून आधीचा आणि नंतरचा असे दोन स्क्रीनशॉट, त्यांत अ‍ॅमीटरचे आकडे दिसायला हवेत. उत्तरं एकापेक्षा जास्त असतात, त्यामुळे शेजारच्या गटाचं पाहून उतरवण्यात मजा राहत नाही. चॅटबॉटला विचारूनही सर्किट मिळेल, पण ते बांधून आकडे जुळवावेच लागतात.

याउलट ज्या वर्कशीटवर मी वर अडीच गुण फेकले त्या कशा असतात? फेटच्या साइटवर शिक्षकांसाठी खातं असतं, त्यात जगभरच्या शिक्षकांनी टाकलेले उपक्रम मिळतात. फेटच्या निकषांत बसणाऱ्यांना सोनेरी तारा दिलेला असतो. तो बघून निवडलं तर बरं पडतं. पण बाकीच्यांचा साचा ठरलेला. बॅटरी 2 व्होल्टवर ठेवा, आकडा लिहा. 4 व्होल्टवर ठेवा, आकडा लिहा. 6, 8, 10. आलेख काढा. ओहमचा नियम (धारा म्हणजे व्होल्ट भागिले ओहम) सिद्ध झाला, सही करा.

असा तक्ता भरायला सिम्युलेशन उघडायचीही गरज नसते, ही त्यातली गंमत. सिम्युलेशनमधले आकडे सूत्रातूनच आलेले असतात, म्हणून चुणचुणीत मूल व्होल्टला ओहमने भागतं, तक्ता पूर्ण करतं आणि उरलेल्या वेळात बॅटरी पेटवत बसतं. आलेख रेषेवर अगदी तंतोतंत. खऱ्या प्रयोगात एखादा बिंदू रेषेबाहेर पडतो आणि तो का पडला यावर बोलता येतं. इथे बोलायला काही उरत नाही. सूत्रावर चालणाऱ्या यंत्राकडून सूत्र ‘सिद्ध’ करून घेणं हा उद्योगच विचित्र आहे, आणि त्यात दोष किटचा नाही. पायरी-पायरीच्या सूचना टाळा असं फेटवाले सांगत असतात. तरी आपण शिक्षक मंडळी पायऱ्या लिहितो, कारण पायऱ्या तपासायला सोप्या असतात.

किटचे स्वतःचे दोष आता. अर्धा गुण मी उगाच कापलेला नाही.

पहिला दोष बॅटरीचा. सुरुवातीला तिचा अंतर्गत रोध, म्हणजे बॅटरीच्या आतच धारेला होणारा विरोध, नगण्य धरलेला असतो. त्यामुळे समांतर जोडणीत बल्ब वाढवत जा, आधीचे बल्ब जराही मंद होत नाहीत. टॉर्चचा खरा सेल घेऊन हेच केलं तर होतात. मुलं शाळेत एक पाहतात, घरी दुसरं. दुसऱ्या स्क्रीनवर, म्हणजे ‘लॅब’मध्ये, अंतर्गत रोध वाढवायची पट्टी आहे, पण ती वेगळ्या कप्प्यात असल्याने सहज दिसत नाही. तिचा उपयोग मी असा करते: अंतर्गत रोध 5 ओहम ठेवला तर एका बल्बमधून 0.60 अँपिअर जातात, आणि दुसरा समांतर जोडला की प्रत्येकात 0.45. म्हणजे मंद झाले. मग मुलांना विचारायचं, तुमच्या टॉर्चची बॅटरी या दोघांपैकी कुठली?

दुसरा दोष, किटमधला साधा बल्ब कितीही उजळला तरी त्याचा रोध आपोआप बदलत नाही. खऱ्या दिव्यातली तार तापली की तिचा रोध वाढतो. या वयाच्या मुलांसाठी हे सोपं करणं मला चालतं, मात्र ते त्यांना सांगून केलेलं असावं.

तिसरा, इलेक्ट्रॉन. ते मोठाल्या निळ्या गोळ्यांसारखे लगबगीने धावतात. तांब्याच्या वायरीत ते पुढे सरकण्याचा वेग प्रत्यक्षात सेकंदाला एका मिलिमीटरहूनही कमी असतो. चित्रातली एक गोष्ट मात्र फार चांगली आहे: सर्किट जोडताच सगळे गोळे एकदम हलू लागतात, बॅटरीपाशी निघून बल्बपर्यंत ‘पोचत’ नाहीत. बल्ब लगेच का लागतो, याचं उत्तर तिथेच दिसतं.

आणि सगळ्यात मोठी उणीव: इथे काहीच बिघडत नाही. वायर सैल नसते, टोक गंजलेलं नसतं, सेल उतरलेला नसतो. बल्ब लागला नाही की चूक हमखास तुमच्या जोडणीची. खऱ्या कामात अर्धा वेळ दोष कुठे आहे हे शोधण्यातच जातो, आणि ते कौशल्य इथे येत नाही. म्हणून शेवटी मी एक सेल, दोन वायरी आणि एक छोटा बल्ब प्रत्येक गटाच्या हातात देतेच.

‘मग सरळ खराच प्रयोग करा ना,’ असं आमच्या स्टाफरूममधले एक ज्येष्ठ सर म्हणतात. त्यांना मी 2005 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगते. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने खऱ्या साहित्याऐवजी याच सर्किट किटच्या आधीच्या आवृत्तीवर काम केलं. नंतर संकल्पनांवरच्या प्रश्नांत, आणि खरं सर्किट जोडून ते समजावून सांगण्यातही, या गटाची कामगिरी खऱ्या साहित्यावर शिकलेल्यांपेक्षा सरस निघाली. अर्थात अभ्यास कोलोराडोच्याच मंडळींचा, म्हणजे आपल्या लेकराचं आपणच केलेलं कौतुक, हे सर लगेच दाखवून देतात. बरोबरच आहे. शिवाय ते विद्यार्थी महाविद्यालयीन वयाचे होते. तरीही खऱ्या साहित्यात जी गोष्ट कधीच दिसत नाही, वायरीच्या आतली, ती इथे दिसते. निकालामागे हे कारण असेल असं मला पटतं.

व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी झटपट. सिम्युलेशन एका फाइलमध्ये उतरवून घेता येतं आणि मग नेट नसतानाही चालतं. तासाच्या आदल्या दिवशी उतरवून ठेवा. जुन्या लेखांतल्या किंवा पुस्तकांतल्या दुव्यांवर जाऊ नका, कारण जुनी सिम्युलेशन्स जावा आणि फ्लॅशवर होती आणि फ्लॅशचा आधार 2020 च्या अखेरीस संपला. बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत, सगळी नाहीत. अनुवाद स्वयंसेवकांनी केलेले असल्यामुळे तिथला शब्द आणि तुमच्या पाठ्यपुस्तकातला शब्द जुळतो का, हे आधी स्वतः उघडून पाहा. एका उपकरणावर दोघं उत्तम, तिघं चालतात. चौथं मूल खिडकीबाहेर पाहतं. आणि एकटं कुणी नको. एकटं मूल अंदाज चुकला तर गुपचूप बदलतं, शेजारी असला की आधी बोललेलं नाकारता येत नाही.

याच कसोटीवर बाकीची साधनं कशी उतरतात? वेगाला गुण देणारी क्विझ अ‍ॅप्स ‘नाही’ म्हणतात, फार पटकन आणि मोठ्या आवाजात म्हणतात, पण ‘का नाही’ हे सांगत नाहीत. लाल फुली येते, पुढचा प्रश्न सुरू. सावकाश विचार करणाऱ्या मुलांवर त्यात उघड अन्याय होतो. उजळणीला ठीक, शिकायला नाही.

वेबक्वेस्ट हा प्रकार आता मागे पडला आहे, पण उपक्रम रचणाऱ्याने तो एकदा तरी पाहावा. सॅन डिएगो स्टेट विद्यापीठातल्या बर्नी डॉज यांनी तो 1995 मध्ये मांडला. मुलांचा वेळ माहिती शोधण्यात जाऊ नये, ती वापरण्यात जावा, म्हणून दुवे शिक्षकाने आधीच निवडून द्यायचे आणि मुलांना एक खरंखुरं काम सोपवायचं, असा त्याचा गाभा. विचार आजही पक्का आहे. पण काम नीट सुचलं नाही की उरते ती दुव्यांची यादी, आणि दुवे मरतात.

झूनिव्हर्सबद्दल मात्र मन दोन्हीकडे ओढतं. 2007 मध्ये ‘गॅलेक्सी झू’ सुरू झाला. दुर्बिणीने टिपलेल्या आकाशगंगांची छायाचित्रं सामान्य लोकांना दाखवायची आणि त्यांच्याकडून आकाराचं वर्गीकरण करून घ्यायचं. त्यातून पुढे झूनिव्हर्स उभं राहिलं, जिथे आज प्राण्यांच्या छायाचित्रांपासून जुन्या हस्तलिखितांपर्यंत कितीतरी प्रकल्प चालतात. गॅलेक्सी झूवरच हॅनी व्हान आर्केल या डच शिक्षिकेला एका आकाशगंगेशेजारी एक अनोळखी हिरवट-निळा ढग दिसला. खगोलशास्त्रज्ञांनाही तो नवा होता, आणि तो आज तिच्याच नावाने ओळखला जातो. ही गोष्ट सांगितली की वर्गाचे कान टवकारतात.

पण तिथे स्क्रीन ‘नाही’ म्हणत नाही. म्हणणार कशी? बरोबर उत्तर कुणालाच ठाऊक नसतं; तेच शोधायला छायाचित्र तुमच्यापुढे ठेवलेलं असतं. अनेकांचं मत घेऊन निष्कर्ष काढतात. हे मुलांपर्यंत पोचवायचं असेल तर सगळ्या गटांना एकच छायाचित्र द्यायला हवं, आणि साइट प्रत्येकाला वेगळं छायाचित्र देते. म्हणून मी एक स्क्रीनशॉट घेऊन मोठ्या पडद्यावर लावते. प्रत्येक गट एकमेकांना न विचारता उत्तर चिठ्ठीवर लिहितो. चिठ्ठ्या उघडल्या की मतं फुटलेली असतात, आणि इथे मुलाला ‘नाही’ म्हणतं ते दुसरं मूल. ‘तुला सर्पिल भुजा कुठे दिसल्या, बोट ठेव.’ बोट ठेवलं जातं, वाद होतो, कुणी माघार घेतं, कुणी घेत नाही. उपक्रम चांगलाच आहे, पण तो जमवायला शिक्षकाला राबावं लागतं. साइट एकटी सोडली तर मुलं भराभर क्लिक करत सुटतात, कारण चुकीच्या क्लिकला तिथल्या तिथे काही होत नाही.

तर, ज्यांना या विषयासाठी एकच तास मिळणार आहे त्यांनी ओहमचा तक्ता वगळावा आणि तीन बल्बचं सर्किट घ्यावं. दोन तास असतील तर आधी 0.90 आणि 0.90, मग तीन बल्ब. तिसरा मिळालाच तर अंतर्गत रोधाची पट्टी उघडा आणि खरा सेल मुलांच्या हातात द्या. वह्यांमध्ये मी तपासते ते फक्त अंदाजाचं ‘का’, आणि तो अंदाज फसल्यावर त्याच्याखाली काय लिहिलंय ते. आकडे तपासत नाही. ते सगळ्यांचे सारखेच असतात.